काळाराम मंदिर सत्याग्रह

काळाराम मंदिर सत्याग्रह : नासिक येथील पंचवटीतील काळाराम मंदिरात अस्पृश्य मानलेल्या जातींना इतर हिंदूंच्या बरोबरीने दर्शनाचा हक्क मिळावा, यासाठी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह. यास २ मार्च १९३० रोजी प्रारंभ झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले (जि. नासिक) येथील परिषदेने तो थांबविण्याचा ठराव केला. या साडेपाच वर्षांत मंदिराचे दार सत्याग्रहींना उघडले नाही. तथापि मंदिरप्रवेश हा बहुसंख्य समाजाच्या सौजन्याचा विषय की कायद्याने बजावून घेता येणाऱ्या हक्काचा, हा प्रश्न या सत्याग्रहाने महाराष्ट्रापुढे स्पष्टपणे मांडला. पुढील दोन दशकांत प्रांतिक कायदे व भारताचे संविधान यांनी त्याचे जे उत्तर दिले, त्यामुळे सामाजिक न्यायाच्या विधिनिर्मितीच्या इतिहासात या सत्याग्रहास विशेष स्थान प्राप्त झाले आहे.

पार्श्वभूमी : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधविलेले हे काळ्या पाषाणाचे मंदिर पश्चिम भारतातील प्रमुख रामक्षेत्रांपैकी एक होय. चोखामेळ्यासारख्या संतास वारकरी परंपरेने वंदनीय मानले. परंतु देवळाच्या आत पाऊल टाकण्याचा अधिकार त्याच्या जातीस दिला नाही. भक्तीतील समता व आचारातील विषमता यांमधील हे अंतर शतकानुशतके तसेच राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रार्थनासमाजाचे विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळ (डिप्रेस्ड क्लासेस मिशन) स्थापन करून धर्मबुद्धीच्या प्रेरणेने अस्पृश्यतानिवारणाचे कार्य संघटितपणे सुरू केले. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये या विषयावरील ठराव संमत होण्यामागेही त्यांचे प्रयत्न होते. या प्रयत्नांचा भर शिक्षण व मनपरिवर्तन यांवर होता.

त्या काळी कायदा या प्रश्नात तटस्थ होता, असा समज असला, तरी प्रत्यक्षात तो रूढीच्या बाजूने होता. गाभाऱ्यात पूजा करण्याचा अनन्य हक्क एखाद्या जातीस असू शकतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८८३ मध्ये आनंदराव भिकाजी फडके विरुद्ध शंकर दाजी चर्या या खटल्यात मान्य केले. १९०८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने दक्षिणेतील नाडर समाजाचा मंदिरप्रवेशाचा दावा रूढीच्या आधारे फेटाळला. भारतीय दंडसंहितेचे कलम २९५ हे पूजास्थानाची विटंबना रोखण्यासाठी होते. पण त्याचा आधार देवळात गेलेल्या अस्पृश्यांविरुद्धही घेण्यात आला. म्हणजे दाराबाहेर ठेवणाऱ्याला न्यायालयाचे पाठबळ मिळे. आत येऊ इच्छिणाऱ्याला ते मिळत नसे.

या स्थितीस पहिला छेद मुंबई कायदेमंडळात गेला. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला आणि सार्वजनिक निधीतून बांधलेली किंवा चालविली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये इ. स्थाने अस्पृश्यांस खुली असावीत, असे त्यात म्हटले होते. त्यात मंदिरांचा समावेश नव्हता, तसेच तो न पाळणाऱ्यास शिक्षाही नव्हती. महाड नगरपालिकेने या ठरावास अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरी प्रत्यक्ष पाणी घेण्यासाठी मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला आणि त्यानंतरचा दिवाणी दावा उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघण्यास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडला. कागदावरील ठराव आणि प्रत्यक्षातील हक्क यांत केवढे अंतर असते, याचा हा अनुभव नासिकच्या सत्याग्रहाच्या मुळाशी होता. मंदिरांच्या बाबतीत अमरावतीच्या अंबादेवी मंदिराच्या प्रश्नावर १९२७ मध्ये चळवळ झाली आणि १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पुण्याच्या पर्वतीवर सत्याग्रहास प्रारंभ झाला. दोन्ही ठिकाणी यश आले नाही.

संघटन व प्रारंभ : नासिकच्या सत्याग्रहाची तयारी स्थानिक कार्यकर्त्यांनी केली. सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव कृष्णाजी (दादासाहेब) गायकवाड (१९०२–७१) हे दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावचे. सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. त्यांच्यासमवेत अमृतराव रणखांबे प्रभृती सहकारी होते. मंदिराच्या पंचांकडे प्रवेशाची मागणी अगोदर करण्यात आली आणि ती मान्य न झाल्यास सत्याग्रह होईल, असे कळविण्यात आले.

रविवार, २ मार्च १९३० रोजी सकाळी नासिक येथे आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. केवळ मंदिरप्रवेशाने आपले सर्व प्रश्न सुटणार नाहीत, ते राजकीय, सामाजिक, धार्मिक व आर्थिकही आहेत, असे त्यांनी आपल्या भाषणात स्पष्ट केले. माणसाला माणूस म्हणून वागविण्यास हिंदू मन तयार आहे किंवा नाही, याची कसोटी म्हणून त्यांनी या सत्याग्रहाकडे पाहिले. दुपारी निघालेली मिरवणूक सुमारे मैलभर लांबीची होती. तीत सुमारे पंधरा हजार लोक सहभागी झाले आणि त्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. मंदिराची दारे बंद असल्याने मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली व तेथे तिचे सभेत रूपांतर झाले. दुसऱ्या दिवशी, ३ मार्च रोजी, १२५ पुरुष व २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी मंदिराच्या दारांशी बसली. जिल्हा प्रशासनाने तेथे मोठा पोलीस बंदोबस्त ठेवला. पुढे सुमारे महिनाभर सत्याग्रहींच्या तुकड्या आळीपाळीने दारांशी बसत राहिल्या आणि मंदिर सर्वांनाच बंद राहिले. महात्मा गांधींची दांडीयात्रा त्यानंतर दहा दिवसांनी, १२ मार्च रोजी निघाली. परकीय सत्तेविरुद्धचा कायदेभंग आणि स्वकीयांच्या रूढीविरुद्धचा सत्याग्रह अशा प्रकारे एकाच महिन्यात देशापुढे आले.

रथयात्रेचा प्रसंग : रामनवमीनंतरच्या एकादशीस नासिक येथे रामाचा रथ निघतो. १९३० मध्ये हा दिवस ९ एप्रिलला आला. स्पृश्य व अस्पृश्य अशा दोन्ही पक्षांच्या लोकांनी मिळून रथ ओढावा, अशी तडजोड झाली होती. परंतु सत्याग्रहींचा हात लागण्यापूर्वीच रथ पुढे नेण्यात आला. त्यातून चकमक व दगडफेक झाली आणि अनेक सत्याग्रही जखमी झाले. आंबेडकरांनाही दुखापत झाली. या घटनेचे पडसाद खेड्यांत अधिक तीव्रतेने उमटले. जिल्ह्यातील गावोगावच्या अस्पृश्य वस्त्यांना वाटा बंद करणे, शाळेत मुलांना मज्जाव करणे, दुकानातून जिन्नस न देणे असे प्रकार घडले. शहरातील दारासमोर बसणाऱ्याचे मोल त्याच्या गावातील कुटुंबास द्यावे लागले. सामाजिक बहिष्कार हे रूढीचे सर्वांत प्रभावी हत्यार आहे, ही गोष्ट येथे पुन्हा सिद्ध झाली.

हक्काच्या मसुद्याकडे : बहिष्काराच्या प्रश्नाची दखल याच सुमारास दोन कागदपत्रांत घेतली गेली. अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने १९२८ मध्ये ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत आंबेडकर सदस्य होते. १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या समितीच्या अहवालात अस्पृश्यांनी आपला हक्क बजावताच त्यांच्यावर हिंसाचार व आर्थिक कोंडी यांचे संकट येते, असे नमूद केले आहे. त्या वर्षाच्या अखेरीस लंडनच्या गोलमेज परिषदेत आंबेडकर व रेट्टमलई श्रीनिवासन यांनी अल्पसंख्याक उपसमितीपुढे संरक्षक तरतुदींची योजना सादर केली. तीत समान नागरिकत्व हा मूलभूत हक्क मानावा, अस्पृश्यतेच्या कारणाने कोणाही नागरिकास अडथळा करणे हा अपराध ठरवावा आणि सामाजिक बहिष्कार टाकणे, त्यास चिथावणी देणे व तशी धमकी देणे यांसाठी स्वतंत्र शिक्षा असावी, अशी मागणी होती. समान हक्कांच्या कलमासाठी अमेरिकेतील १८६६ व १८७५ च्या नागरी हक्कविषयक कायद्यांचा आणि बहिष्काराच्या कलमांसाठी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेण्यात आला होता. नासिकच्या दाराशी सत्याग्रही जे मागत होते आणि त्याबद्दल त्यांना गावी जे भोगावे लागत होते, त्या दोहोंस या मसुद्यात विधीची भाषा लाभली.

मंदिरप्रवेशाची विधेयके : २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. दुसऱ्या दिवशी मुंबईस मदनमोहन मालवीय यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या हिंदूंच्या सभेने यापुढे कोणासही जन्मामुळे अस्पृश्य मानू नये, असा ठराव केला. सार्वजनिक विहिरी, शाळा, रस्ते यांवरील समान हक्कास पहिल्या संधीस कायद्याची मान्यता देण्याचे आश्वासन त्यात होते. मंदिरांच्या बाबतीत मात्र कायदेशीर व शांततामय मार्गांनी बंदी दूर करणे हे नेत्यांचे कर्तव्य होय, एवढेच म्हटले होते. हा भेद सहेतुक होता. पाणवठा हा नागरी जीवनाचा व मंदिर हा धर्माचा विषय आहे, ही समजूत सुधारकांच्या मनातूनही गेली नव्हती.

१९३३ मध्ये सी. एस्. रंगा अय्यर यांनी मध्यवर्ती विधिमंडळात मंदिरप्रवेशाचे विधेयक मांडले. परिसरातील हिंदू मतदारांच्या बहुमताने मंदिर खुले करता यावे, असे त्याचे स्वरूप होते. महात्मा गांधींनी त्यास पाठिंबा दिला. आंबेडकरांनी १४ फेब्रुवारी १९३३ च्या निवेदनात पाठिंबा नाकारला. त्यांचे आक्षेप मुख्यतः दोन होते : विधेयक अस्पृश्यतेस पाप किंवा अनीती म्हणून निषिद्ध ठरवीत नाही, आणि ते प्रवेश बहुमताच्या इच्छेवर सोपविते. ज्या बहुमताने दार बंद केले, त्याच बहुमताकडे ते उघडण्याचा निर्णय सोपविणे म्हणजे हक्क देणे नव्हे, असा या भूमिकेचा आशय होता. सनातनी पक्षाने धर्मावरील आक्रमण म्हणून या विधेयकास कडाडून विरोध केला. १९३४ मध्ये ते सोडून देण्यात आले.

सत्याग्रहाचा शेवट : नासिकचा सत्याग्रह या काळात गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली खंड पडत, पुन्हा उभा राहत चालू होता. सत्याग्रहींना अटक व कारावासही सोसावा लागला. मार्च १९३४ मध्ये गायकवाड यांना लिहिलेल्या पत्रात आंबेडकरांनी येत्या रामनवमीस सत्याग्रह न करण्याचा सल्ला दिला. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक बनावे म्हणून आपण ही चळवळ आरंभिली नव्हती, तर त्यांच्यात चैतन्य व स्वतःच्या स्थितीची जाणीव निर्माण करण्याचा तो उत्तम मार्ग वाटला म्हणून आरंभिली होती. तो हेतू साध्य झाला असल्याने आता शक्ती राजकारण व शिक्षण यांवर केंद्रित करावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथील परिषदेत त्यांनी हिंदू म्हणून न मरण्याचा आपला निर्धार जाहीर केला. नासिकचा सत्याग्रह थांबविण्याचा ठराव याच परिषदेत झाला.

या निर्णयाचा अर्थ सत्याग्रहाची असफलता एवढाच करणे योग्य ठरणार नाही. सत्याग्रहात उतरलेले बहुसंख्य लोक रामास आपला देव मानणारे होते. दर्शनाची ओढ आणि मानहानीचा उद्वेग हे दोन्ही त्यांच्या ठायी एकत्र नांदत होते. नेतृत्वाची दृष्टी हक्कावर होती. अनुयायांच्या मनात हक्क व श्रद्धा यांची फारकत झालेली नव्हती. साडेपाच वर्षांच्या नकाराने ती झाली.

प्रांतिक कायदे : त्रावणकोर संस्थानाने १२ नोव्हेंबर १९३६ च्या घोषणेने आपली मंदिरे सर्व हिंदूंस खुली केली. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात १९३८ चा मुंबई हरिजन मंदिर-उपासना (निर्योग्यता-निवारण) अधिनियम संमत झाला. न्यासपत्र किंवा रूढी आड येत असली, तरी इच्छा असल्यास विश्वस्तांना मंदिर खुले करता येईल, अशी अनुमती त्याने दिली. विश्वस्तांची इच्छा नसल्यास मात्र त्याचा उपयोग नव्हता. १९३३ मध्ये आंबेडकरांनी घेतलेला आक्षेप थोड्याफार फरकाने यासही लागू होता.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या प्रश्नास पुन्हा चालना मिळाली, ती धर्मश्रद्धेच्या प्रेरणेनेच. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागृत केले आणि १ मे १९४७ पासून दहा दिवस पंढरपूर येथे उपोषण केले. मंदिर खुले करण्याचे आश्वासन मिळाल्यावर उपोषण सुटले. नासिकमध्ये वंचितांनी स्वतः हक्क मागितला होता. पंढरपूरमध्ये सवर्ण समाजातील एका भक्ताने आपल्याच समाजाच्या सदसद्विवेकबुद्धीस आवाहन केले. दोन्ही मार्ग परस्परांहून भिन्न होते. तथापि एकाने कायद्याची आवश्यकता सिद्ध केली आणि दुसऱ्याने तो स्वीकारण्यास अनुकूल लोकमत निर्माण केले, असे म्हणता येईल.

त्याच वर्षी मुंबई हरिजन मंदिरप्रवेश अधिनियम, १९४७ संमत झाला. इतर हिंदूंस ज्या प्रकारे व ज्या मर्यादेपर्यंत मंदिरात पूजा करता येते, त्याच प्रकारे ती हरिजनांसही करता येईल, असे त्याने घोषित केले आणि अडथळा करणाऱ्यास शिक्षा ठेवली. विश्वस्तांची अनुमती किंवा बहुमत यांची अट आता उरली नाही. काळाराम मंदिराचे दारही या कायद्याने खुले झाले.

संविधान व नंतरचा काळ : संविधानसभेने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी स्वीकारलेले अस्पृश्यतानिर्मूलनाचे कलम संविधानात अनुच्छेद १७ म्हणून समाविष्ट आहे. सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांना व विभागांना खुल्या करणारा कायदा करण्याची राज्याची शक्ती अनुच्छेद २५ (२) (ख) ने मान्य केली. अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, १९५५ अन्वये मंदिरप्रवेशास प्रतिबंध करणे हा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही शिक्षांस पात्र अपराध ठरला. १९७६ मध्ये या कायद्यात सुधारणा करून त्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव देण्यात आले व किमान शिक्षा विहित करण्यात आली. मुंबई राज्याने १९५६ मध्ये हिंदू सार्वजनिक पूजास्थान (प्रवेश प्राधिकार) अधिनियम संमत केला. आपला संप्रदाय हिंदू धर्माहून वेगळा असल्याने हे कायदे आपल्या मंदिरांस लागू नाहीत, हा स्वामीनारायण सत्संगींचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १४ जानेवारी १९६६ रोजी फेटाळला.

ज्या वर्षी प्रवेश प्राधिकार अधिनियम आला, त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. नासिकच्या अनेक सत्याग्रहींनी व त्यांच्या वंशजांनीही हा मार्ग पतकरला. कायद्याने दार उघडले, तोपर्यंत ते ठोठावणाऱ्यांपैकी पुष्कळांनी दुसरी वाट धरली होती. दादासाहेब गायकवाड पुढे नासिकमधून लोकसभेवर निवडून गेले (१९५७–६२) व नंतर राज्यसभेचे सदस्य झाले (१९६२–६८). मंदिरप्रवेशासाठी त्यांनी उभारलेले ग्रामीण संघटन १९५९ व १९६४–६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत जमिनीच्या मागणीसाठी कार्यास आले.

१९३० च्या मसुद्यातील बहिष्कारविरोधी मागणीस मात्र फार काळ थांबावे लागले. मुंबई राज्याचा १९४९ चा बहिष्कृतीकरण प्रतिबंधक अधिनियम सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवरून धर्मस्वातंत्र्याच्या कारणास्तव रद्द ठरविला. २०१३ मध्ये नासिक येथे आंतरजातीय विवाहाच्या रागातून एका तरुणीची हत्या झाली. त्यानंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम चालविली. त्याची परिणती सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१६ च्या अधिनियमात झाली. तो जुलै २०१७ पासून अंमलात आहे. १९५६ च्या प्रवेश प्राधिकार अधिनियमासही याच सुमारास नवा उपयोग लाभला. विद्या बाळ व अन्य याचिकाकर्त्यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये मंदिरप्रवेश हा स्त्रियांचाही हक्क असल्याचे मान्य करून त्या अधिनियमाची अंमलबजावणी करण्यास राज्यशासनास सांगितले. त्याच महिन्यात नासिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे गर्भगृहप्रवेशाच्या प्रश्नावर स्त्रियांचे आंदोलन झाले.

मूल्यमापन : धर्मश्रद्धेतून उभ्या राहिलेल्या लोकचळवळीने न्यायाचे कायदे घडवून आणल्याची उदाहरणे अन्यत्रही आढळतात. अमेरिकेत १९५५ नंतर कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून संघटित झालेल्या चळवळीचा १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात मोठा वाटा होता. नासिकचे वेगळेपण असे, की येथे चळवळीस आधार देणारे देवालयच तिच्यासाठी बंद होते. त्यामुळे तिला श्रद्धेचे स्थान व हक्काचे स्थान यांचा एकाच जागी विचार करावा लागला. १९२३ चा शिक्षेविना ठराव, १९३३ चे बहुमताधीन विधेयक, १९३८ चा अनुज्ञापक कायदा आणि १९४७ चा बंधनकारक कायदा या चार टप्प्यांकडे एकत्र पाहिले असता हक्काची संकल्पना क्रमाक्रमाने दुसऱ्याच्या इच्छेपासून मुक्त होत गेल्याचे दिसते. या बदलाचे श्रेय एकट्या नासिकला देता येणार नाही. वायकोम, महाड, पर्वती, गुरुवायूर व पंढरपूर यांचाही त्यात वाटा आहे. परंतु दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेला प्रवेश हा हक्क नव्हे, हा धडा काळाराम मंदिराच्या बंद दारापुढे जितका स्पष्ट झाला, तितका क्वचितच अन्यत्र झाला असेल. कायद्याने दार उघडते. आत आलेल्यास समान मानण्याचे काम समाजाचेच राहते. नासिक जिल्ह्यातील पुढील घटनांनीही हेच दाखवून दिले आहे.